धक्क्याची जीप

त्या पावसाळ्यात पाड्यातल्या बायांचा दिवस जीप ढकलण्यापासून सुरू व्हायचा.

उजाडायला लागलं की कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या बाया जयवंतीच्या अंगणाबाहेर जमायच्या. डबे मागच्या बाकावर ठेवायच्या, साड्या गुडघ्यापर्यंत खोचायच्या आणि जीपच्या मागच्या फळीला हात लावायच्या. जयवंतीचा नवरा सुदाम स्टेअरिंगवर बसून खिडकीतून हात बाहेर काढायचा. "हां, चला!" म्हणून तो ओरडला की सगळ्या चिखलात टाचा रोवून रेटायच्या. अंगणापासून ओहोळाच्या मोरीपर्यंत उतार होता, तेवढीच देवाची कृपा. उतार सरायच्या आत इंजिनाने पकड घेतली तर घेतली, नाहीतर जीप मागे ओढून पुन्हा पहिल्यापासून.

"आज शेठला सांगतेच," जिजा धापा टाकत म्हणाली. "पॅकिंगच्या आधी आमची ही येक ड्युटी व्हते, तिची पण हजेरी मांड."

"आणि ओव्हरटाइम?" मागून कोणीतरी विचारलं.

"ओव्हरटाइम संध्याकाळी. येताना ढकलतो तो."

बाया हसल्या. सुदाम हसला नाही. त्याचे कान लाल झालेले ओट्यावरून जयवंतीला दिसले. दीड वर्षाची तुळशी तिच्या कडेवर होती आणि जीप हलली की टाळ्या पिटत होती. तिला तो खेळ वाटायचा. मोरीच्या तोंडाशी इंजिन खोकललं, काळा धूर ओकलं आणि सुरू झालं. बाया चिखलाच्या पायांनी धावत जाऊन आत चढल्या. जीप वळणाआड जाईपर्यंत जयवंती आवाजावर कान लावून उभी राहिली. आवाज तुटला नाही तर आजचा दिवस निघाला.

जीप उन्हाळ्यात चांगली चालली होती. पाऊस लागला तशी बॅटरी उतरायला लागली. सुदामने पट्टा आवळून पाहिला, मग दुसरी बॅटरी घातली. तीही आठवडाभरात बसली. कोणी म्हणालं पाणी शिरलं, कोणी म्हणालं उंदराने वायर खाल्ली. सासरे बारक्या यांचं म्हणणं, दृष्ट लागली. जत्रेत सगळी माणसं जीपकडे वळून वळून बघत होती, ती काय उगाच?

त्यातही जयवंतीच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. ज्या दिवशी पाऊस उघडायचा आणि संध्याकाळी उजेड असताना जीप परतायची, त्या दिवशी ती नीट यायची. काच पुसायला वायपर लावावे लागले, दिवे लावावे लागले, की घोळ. तिने हे सुदामला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "म्हणजे पावसात दिवे न लावता चालवू? हायवेला?"

तलासरीच्या कॉलेजात तिने भूगोल घेऊन बी.ए. केलं होतं. गाडीतलं तिला काही कळत नव्हतं. पण अंगावर पिणारं मूल असलं की बाईला सगळ्या गोष्टी ऐकू यायला लागतात. रात्री मुलीचा श्वास, कौलावरचा पाऊस, आणि अलीकडे नवऱ्याच्या फोनवरचा मुकेशचा आवाज.

मुकेश हा तिकडचा, गुजरातच्या किनाऱ्यावरचा तांडेल, मासेमारी बोटीचा म्होरक्या. श्रावणात समुद्र उघडला की तो बोटीसाठी खलाशी शोधत पाड्यापाड्याला फोन लावायचा. इथली कितीतरी पोरं त्याच्या बोटीवर जायची, ती पार उन्हाळ्यातच परतायची. सुदाम लग्नाआधी एकदा जाऊन आला होता. पुन्हा जाणार नाही म्हणून त्याने जीप घेतली होती. शेजारच्या पाड्यातला धाकल्या असाच गेला, बोट हद्द ओलांडून गेली म्हणून पलीकडच्यांनी धरली, आणि तो अजून तिकडच्या तुरुंगात होता. त्याची बायको गंजाडच्या बाजारात दिसायची. जयवंती तिच्याशी बोलायची, पण तिच्या डोळ्यांकडे बघायची नाही.

त्या शनिवारी दुपारपासून पाऊस धरला तो थांबला नाही. दिवे लागायची वेळ झाली, टळली. जयवंतीने तांदूळ वैरले, तुळशीला भरवलं. बारक्या दारात उकिडवे बसून रस्त्याकडे बघत होते. शेवटी मोरीवर दिवे चमकले, पण इंजिनाचा आवाज निराळा होता. दुसऱ्या पाड्यातल्या उमेशची जीप होती. बाया भिजून चिंब उतरल्या.

"तुझा नवरा मागून येतो गं," जिजा म्हणाली. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "अच्छाडच्या नाक्याजवळ बंद पडली. दिवे आधी पिवळे झाले, मंग इझले. मागून ट्रक कसा हॉर्न मारीत आला, काय सांगू! पुष्पा तं रडाय लागली."

"कोणाला लागलं नाही ना?"

"नाय. पर आयक, जयवंती." जिजाने पदर पिळला. "आमच्या पण घरात पोरां हायेत. सोमवारी जीप नीट आली तं आली. नाय तं उमेश न्यायला तयार हाय. राग मानू नको."

"राग कसला, मावशी."

सुदाम आला तेव्हा त्याच्या चपलेचा एक पट्टा तुटलेला होता. तो ओट्यावर टेकला आणि पाय धुवायलाही उठला नाही. जयवंतीने तांब्या आणून दिला, तसा तो हातात धरून बसला.

"ढाब्याच्या बाजूला लावलीय," तो म्हणाला. "राहू दे तिथंच."

"उद्या नविनला दाखवू. त्याचं दुकान ढाब्याला लागूनच आहे ना?"

"किती जणांना दाखवायचा?"

"मी येते. तुळशीला घेऊन येते."

"तू येऊन काय करशील? ढकलशील?"

 बारक्या आतून म्हणाले, "मी पण येतो. नारळ घेतो. येकदा दृष्ट उतरवून टाकू."

सुदामने तांब्यातलं पाणी पायांवर ओतलं. सगळं एकदम.

रविवारी सकाळी ते मिळेल त्या टेम्पोने अच्छाडला पोचले. हायवेला ट्रकांची रांग लागलेली होती, आणि ढाब्यावर ड्रायव्हर लोक दात घासत उभे होते. जीप कडेच्या डबक्यात पुढची दोन चाकं बुडवून उभी होती. बारक्यांनी आधी तिच्या टपावरचं पाणी हाताने निपटून काढलं. गोठ्यात जनावराची पाठ चोळावी तसं.

नविन हा उंबरगावकडचा गाडीच्या वायरिंगचा मिस्त्री. पत्र्याची टपरी, आत वायरींची भेंडोळी आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. तो पान चघळत आला आणि बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, "सुदामभाय, ही तर धक्क्याची जीप ना? फेमस आहे."

"बघा जरा."

"बघतो. भाभी, छोकरीला पावसातून आत घ्या, माझ्या खाटेवर बसा."

जयवंती खाटेवर बसली नाही. तुळशीला पदराखाली घेऊन बॉनेटजवळच उभी राहिली.

नविनने काळं-लाल टोक असलेला मीटर काढला. इंजिन बंद असताना बॅटरीला टोकं लावली. आकडा आला अकरा पूर्णांक सहा.

"मेलेली आहे. पण मेलेली का आहे, हा सवाल." त्याने टपरीतली दुसरी बॅटरी आणून जाड वायरींनी जोडली. एक चिमटा बॅटरीला, दुसरा इंजिनाच्या अंगाला. चावी फिरवताच इंजिन असं सुरू झालं की सुदाम दचकलाच. नविनने दिवे लावायला सांगितले, वायपर लावायला सांगितले, मग आपली बॅटरी सोडवली आणि पुन्हा मीटर लावला.

"बारा. बाराच. आणि उतरतोय." त्याने मान हलवली. "चौदाच्या आसपास पाहिजे. इंजिन चालू म्हणजे डायनामो फिरतो, तो बॅटरी भरतो. इकडे भरतच नाही. उलटी खाली होते." पट्टा त्याने अंगठ्याने दाबून बघितला. ताठ होता.

"म्हणजे डायनामो गेला," सुदाम म्हणाला. कोणीतरी गेल्याची बातमी सांगावी अशा आवाजात. "मी म्हटला नव्हता तुला? राहू दे, नविनभाय. बंद करा."

तो वळला आणि हायवेच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

 बॅटरीवरच्या त्या आकड्यावरून जयवंतीची नजर हटत नव्हती. बारा म्हणजे बोट. चौदा म्हणजे घर. इतकं साधं होतं ते, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं.

"हा आकडा बॅटरीवरचा ना?" तिने विचारलं. "डायनामोवर किती येतो?"

"तेच बघतो भाभी, श्वास तर घेऊ द्या," नविन हसला. तो आधीच आत वाकला होता. एक टोक डायनामोच्या बोल्टवर, दुसरं डायनामोच्याच अंगावर.

चौदा पूर्णांक पाच.

नविनने पान थुंकलं. मीटर झटकून पुन्हा लावला. तेवढाच.

"डायनामो तर पैलवान आहे! पूर्ण माल काढतो. मग वाटेत खातो कोण?"

सुदाम वळला. पण जवळ आला नाही.

नविन पुन्हा आत वाकला. लाल टोक डायनामोच्या बोल्टवर आणि काळं टोक बॅटरीच्या प्लसवर लावलं. आकडा अगदी बारीक. "जायची वाट साफ." मग एक टोक डायनामोच्या अंगावर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर. आकडा सव्वादोनाच्या वर गेला.

"यायची वाट अडली," तो म्हणाला. "करंटला जाऊन भागत नाही भाभी, परत पण यावं लागतं. परत येतो तो गाडीच्या लोखंडातून. अर्थिंग म्हणतात. इंजिनापासून चॅसीला, खालच्या सांगाड्याला, तांब्याची वेणी असते, तिच्यातून."

"पाऊस नसताना चालते," जयवंती म्हणाली. "दिवे, वायपर बंद असले की."

"बरोबर. थोडा माल असला तर पातळ वाटेने पण जातो. जास्त झाला की दाटतो." त्याने टॉर्च पेटवून आत उजेड मारला, मान वाकडी करून खाली बघितलं आणि शीळ घातली. "अरे, हिला नवरी कोणी केली?"

आत सगळं लाल होतं. इंजिनाचे कान, चॅसीची पट्टी, बोल्ट, नट, कंस. चकचकीत ऑइलपेंट, कुठेही ओघळ नाही. जुन्या जीपच्या पोटात इतकं देखणं काम कोणी केलेलं नविनने बघितलं नसावं.

बारक्या पुढे आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"मी," ते म्हणाले. "महालक्ष्मीच्या जत्रेला जायची व्हती ना, म्हनून. दोन हात दिले. आमच्याकडं बैल व्हते तवा शिंगां मीच रंगवायचो. ही तांब्याची वेनी मळली व्हती, ती सोडली, घासलेटात धुतली, खालची जागा घासून तिला पण रंग दिला, वाळला मंग परत आवळली. गंज चढाय नको."

नविनने जयवंतीकडे बघितलं. जयवंतीने तुळशीच्या टोपडीची गाठ नीट केली.

"काका," नविन हळू म्हणाला, "रंगातून करंट जात नाही."

बारक्यांना कळायला वेळ लागला. ते हसत होते ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आतून विझलं. त्यांनी त्या लाल बोल्टकडे बघितलं, मग मुलाकडे. सुदाम जवळ येऊन उभा होता. त्याच्या जबड्याचं हाड हलत होतं. अख्खा पावसाळा ढकलणं, बायांचे टोमणे, बदललेली बॅटरी, काल रात्री मागून आलेला ट्रक. जयवंतीला वाटलं, आता हा बोलेल, आणि जे बोलेल ते या घरात कायमचं राहील.

"सुदाम," ती म्हणाली.

त्याने हातातला रुमाल डबक्यात फेकला, तेवढंच.

"बैलाचा शिंग रंगवला तं बैल चालायचा थांबत नव्हता," बारक्या स्वतःशीच पुटपुटले. मग नविनच्या हातातली कानस त्यांनी घेतली. मागितली नाही, घेतली. इंजिन बंद केल्यावर ते बॉनेटच्या काठावर पोट टेकून आत वाकले. लाल रंग त्यांच्या नखांत शिरला. खालून पांढरं लोखंड दिसेपर्यंत ते घासत राहिले. नविन मध्येच म्हणाला, "बस काका, झालं," तरी थांबले नाहीत.

वेणी पुन्हा आवळली. इंजिन सुरू. दिवे, वायपर, हॉर्न, सगळं एकदम चालू. बॅटरीवर मीटर.

चौदा पूर्णांक दोन.

"उद्यापासून बायांना व्यायाम नाही," नविन म्हणाला.

परत येताना जयवंती पुढे बसली. बारक्या मागच्या बाकावर, अगदी शेवटाला, हात मांड्यांत घालून. नारळ तसाच पिशवीत होता. उधव्याच्या फाट्यावर सुदामने जीप मुद्दाम बंद केली आणि चावी फिरवली. लगेच लागली. त्याने पुन्हा बंद केली, पुन्हा लावली.

"मग मुकेशला काय सांगणार?" तिने विचारलं.

सुदाम वायपरकडे बघत राहिला. "सांगितला."

"काय?"

"काल. ढाब्यावरून. हो म्हणून सांगितला." त्याने गिअर टाकला. "त्याने जागा धरलीय. उद्या सकाळी गाडी फिरवणार हाय, सगळ्या पोरांना उचलत. आता कोणत्या तोंडाने नाय सांगू? तांडेल शब्दावर चालतो."

तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कोणावर ते कळेना. मागे बारक्यांनी सगळं ऐकलं होतं. 

सोमवारी जयवंती उठली तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. दारात बारक्या बसले होते. अंगात धुतलेला सदरा, शेजारी गोणपाटाची पिशवी. पिशवीतून घोंगडीचं टोक आणि एक ताटली बाहेर दिसत होती.

"बाबा, कुठे निघालात?"

"बोटीवर."

"काय?"

"शब्द माज्या पोराचा हाय, तं तो पाळाय नको? मी तरणा असताना गेलोय. जाळा वढायला जमनार नाय. पर रांधायला जमतं. बोटीवर रांधनारा लागतोच." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. नखांतला लाल रंग अजून तसाच होता. "पोरगी लहान हाय तुजी. सुदाम हितं पायजे."

सुदाम आतून बाहेर आला होता. तो बापासमोर उभा राहिला.  मग वाकून त्याने पिशवी उचलली.

"दे ती," बारक्या म्हणाले.

"बा, उठ."

"पिशवी दे माजी."

"उठ म्हटला ना. गाडीत पुढं बस. पावसात काच आतून धुरकटते, मला येका हाताने पुसायला लागतं. पुसायला मानूस पायजे."

"रोज?"

"पाऊस हाय तवर रोज."

बारक्या उठले नाहीत. सुदामने त्यांना काखेत हात घालून उठवलं. त्या दोघांनी असं एकमेकांना धरलेलं जयवंतीने लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. सुदामने पिशवी घरात नेऊन उतरंडीमागे टाकली.

तेवढ्यात बाया आल्या. डबे ठेवले, साड्या खोचल्या, सवयीने फळीला हात लावले. सुदामने आत बसून चावी फिरवली. इंजिन जागच्या जागी सुरू झालं, जीप दोन हात पुढे सरकली आणि जिजा रिकाम्या हवेला टेकू देत चिखलात गुडघ्यावर आली.

"आरं, मेल्या! सांगायचा तरी!"

बाया हसून हसून वाकल्या. पुष्पाने जिजाला हात देऊन उठवलं. "मावशी, तुजी ड्युटी गेली बघ."

"जाऊ दे गं, गुडघं फुटलं माजं." जिजा चिखल झटकत पुढे डोकावली. "आणि हा काय? बारक्याला क्लिनर ठेवला का?"

"हां," बारक्या ताठ बसून म्हणाले. हातात फडकं होतं.

ओट्याच्या खुंटीला लावलेला सुदामचा फोन वाजायला लागला. जयवंतीने नाव बघितलं आणि फोन घेऊन जीपपर्यंत धावली. तुळशी कडेवर उसळत होती. सुदामने फोनकडे बघितलं, हात स्टेअरिंगवरून उचलला, पुन्हा ठेवला.

तिने फोन कानाला लावला.

"सुदाम? तैयार रहना, हम निकले. नाक्यावर ये," मुकेशचा आवाज आला. मागे पोरांचा गलका होता, कोणीतरी गाणं म्हणत होतं.

"मुकेशभाई, मी जयवंती. सुदामची बायको."

"हां बेन, बोलो. कुठे आहे तो?"

"गाडीवर आहे. बायांना घेऊन निघालाय."

तिकडे गलका चालूच राहिला. मग मुकेश म्हणाला, "म्हणजे?"

"त्याने तुम्हाला शब्द दिला होता, ते खरं आहे. चूक आमची आहे. पण आमच्या घरातून बोटीवर कोणी येत नाही."

"कोणी म्हणजे?"

तिने जीपच्या पुढच्या बाकाकडे बघितलं. "कोणीच नाही."

मुकेशने गुजरातीत एक शिवी दिली. तिला नाही, वाऱ्याला दिल्यासारखी. आधी सांगायला काय झालं होतं, म्हणाला, आता मी माणूस कुठून आणू, म्हणाला. ती ऐकून घेत राहिली. फोन कट झाला. तिने तो खिडकीतून आत दिला.

"काय बोलला?" सुदामने विचारलं.

"चिडला."

"लय?"

"लय."

सुदामने फोन खिशात टाकला. मागून जिजा ओरडली, "आरं चल की, उशीर झाला!" आणि त्याने गिअर टाकला.